विहीणबाईंचा झाडू

सुनेचा पाय जिन्यात मुरगळला, मुरगळला म्हणता म्हणता मोडलेला निघाला आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर घालून तिला पलंगावर आडवी केली, तेव्हा काकूंनी स्वतः फोन करून विहीणबाईंना बोलावून घेतलं. "या हो," म्हणाल्या, "लेकीजवळ आई असली की निम्मं दुखणं कमी होतं. आणि मला एकटीला आवरत नाही आता." हे त्या अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. पुढे जे व्हायचं ते झालं, पण बोलावलं कुणी असं विचारलं असतं तर काकूंना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता आलं नसतं.

त्यांना अख्खी इमारत काकू म्हणायची. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन होतं. कुणाची पँट आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर फाटलं, कुणाच्या बॅगेची चेन अडकली, की लोक तिसऱ्या मजल्यावर काकूंच्या दारात. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता आणि राहायचा मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत. हा विनोद जिन्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी करून घेतला होता. मुलगा तसा गुणाचा, पण आईच्या कामाबाबत त्याचं डोकं म्हणजे चाळण. दोरा आण म्हटलं की सुया आणायचा, सुया आण म्हटलं की विसरून यायचा.

विहीणबाई आल्या त्या एका पिशवीनिशी. उंच, सडपातळ, हसल्या की शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा. व्याही मागेच राहिले होते. त्यांना म्हणे कुत्र्याला सोडून कुठे जाववत नाही. पहिले काही दिवस छान गेले. एकीने भाजी चिरली, दुसरीने फोडणीला टाकली. पण घरातलं काम ते किती! काकूंना आपल्या स्वयंपाकघरात दुसऱ्या कुणी हात घातलेला फार वेळ चालायचा नाही, आणि विहीणबाईंना हातावर हात धरून बसणं जमायचं नाही. मग संध्याकाळ झाली की त्या पायांत बूट घालायच्या आणि "जरा फिरून येते" म्हणून निघायच्या.

पानगळीचे दिवस होते. कालव्याच्या कडेची झाडं पिवळी पडून मोकळी होत होती, गवत वाळून खुळखुळत होतं. विहीणबाई फिरून यायच्या त्या हातात काहीतरी घेऊनच. आज पिसासारखे गवताचे तुरे, उद्या वाळकी बोंडं, परवा एक सरळ, साल निघालेली फांदी. हे सगळं त्या बाल्कनीत वर्तमानपत्रावर पसरून ठेवायच्या.

"काय करायचंय या कचऱ्याचं?" काकूंनी एकदा हसत हसतच विचारलं.

"झाडू बांधायचाय."

"अहो, झाडू आहेत की घरात. एक सोडून दोन आहेत."

"ते झाडायचे. हा दाराला लावायचा," विहीणबाई म्हणाल्या. "आमच्याकडे मी दर पानगळीला बांधते. हिवाळ्यात दार कसं ओकंबोकं दिसतं, त्यापेक्षा बरं."

काकूंना वाटलं, म्हणजे आमचं दार ओकंबोकं.

एका सुट्टीच्या सकाळी झाडू बांधायला घेतला. विहीणबाईंनी काड्यांची जुडी रात्रभर बादलीत भिजवली होती, म्हणजे वाकवताना मोडत नाहीत. बादली काकूंची, कपड्यांची. सुतळीचं एक टोक त्यांनी मशीनच्या पायाला बांधलं, दुसरं फांदीला. मग फांदीभोवती काड्यांचा एक थर लावायचा, मागे रेलून सुतळी ताणायची आणि फांदी हातात गोल फिरवत पुढे पुढे यायचं, की सुतळी काड्यांवर करकचून बसते. त्यावर दुसरा थर, पुन्हा तसंच. मशीन सरकू नये म्हणून काकूंचा मुलगा त्यावर दोन्ही हात दाबून उभा होता.

"अजून दाबू का, मम्मी?"

"दाब. सैल राहिलं तर वाळल्यावर सगळं गळून पडेल."

मम्मी! लग्नाला चार वर्षं झाली, सासूला मम्मी म्हणतो हे काकूंना ठाऊक होतं. पण फोनवर म्हणणं वेगळं आणि आपल्या मशीनवर हात टेकून म्हणणं वेगळं. शिवाय मागच्याच आठवड्यात त्यांनी मशीनचा पट्टा सैल झालाय म्हणून त्याला तीनदा सांगितलं होतं. तेव्हा साहेबांना वेळ नव्हता.

दुपारपर्यंत झाडूला रूप आलं. खाली काड्यांचा भरदार घेर, कडा कात्रीने एकसारख्या कापलेल्या. बांधणीच्या जागी गव्हाच्या ओंब्या, कागदासारखी वाजणारी पिवळी फुलं, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवलेल्या संत्र्याच्या चकत्या. उजेडात धरल्या की काचेसारख्या दिसायच्या. शेवटी विहीणबाई म्हणाल्या, "एखादी पट्टी हवी होती, विटकरी रंगाची." आणि मुलाने तत्परतेने काकूंची तुकड्यांची पिशवी उपडी करून त्यातून विटकरी मखमलीचा तुकडा काढून दिला. तो तुकडा काकूंनी कशासाठी ठेवला होता हे त्यांनाही आठवत नव्हतं, पण ठेवला होता, एवढं खरं.

"आई, बघ तरी!" मुलगा म्हणाला. "काय कला आहे मम्मींच्या हातात!"

"छान आहे," काकू म्हणाल्या. आणि तो खरोखरच छान होता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर त्यांनी तोंडभरून कौतुक केलं असतं.

झाडू दाराला लागला आणि घराचा पत्ताच बदलला. जो तो जिन्यात थांबायचा. खालचा सायकलवाला, जो आयुष्यात कधी दुसऱ्या मजल्याच्या वर चढला नव्हता, तो फक्त बघायला आला. वरच्या मजल्यावरची नर्स पँट आखूड करायला म्हणून आली ती दारातच विहीणबाईंशी बोलत राहिली आणि पँट हातात तशीच घेऊन परत गेली. दोन दिवसांनी ती आणखी तिघी जणींना घेऊन हजर. सगळ्यांना झाडू शिकायचा होता. पुढच्या खोलीत बसायला जागा हवी म्हणून मशीन भिंतीला सरकवलं गेलं आणि कुणीतरी, कुणी ते कळलं नाही, त्यावर चादर टाकली.

काकू आत चहा करत होत्या. बाहेर हसण्याचा कल्लोळ चालला होता. पलंगावरून सूनही मध्येच ओरडून काही सांगत होती आणि हसत होती. काकूंनी चहात साखर दोनदा घातली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या रात्री काकू नीट जेवल्या नाहीत. मत्सर वगैरे मोठे शब्द त्यांनी मनात येऊ दिले नाहीत. पित्त झालंय असं म्हणून त्या गोळी घेऊन झोपल्या. पण सकाळी उठल्यावरही ते पित्त जागच्या जागी होतं. विहीणबाईंचं हसणं, त्यांचे बूट, त्यांचं ते "आमच्याकडे असं करतात" — सगळंच काकूंना खुपायला लागलं. मग त्यांच्या मनाने घेतलं: त्यात काय एवढं? मी माणसांचे कोट शिवते, मला काड्यांची जुडी बांधता येणार नाही?

भाजी आणायला म्हणून त्या कालव्यावर गेल्या. पिवळं दिसेल ते कापलं. थोडं हिरवट होतं, म्हटलं वाळेल की. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून त्यांनी एकटीने झाडू बांधला. सुतळी टाकीच्या नळाला बांधली, मागे रेलल्या, एकदा सपशेल उताण्या पडल्या, उठून पुन्हा ओढली. झाडू झाला. जरा एका अंगाला झुकत होता, पण झाला. त्याला निळी फीत बांधून, चादरीत गुंडाळून काकूंनी तो कपाटात तळाशी ठेवून दिला. विहीणबाई गेल्या की दुसऱ्याच दिवशी दाराला लावायचा, असा बेत होता.

बेत आठवडाभर टिकला. मग एका संध्याकाळी मुलगा कपाटातून टॉवेल काढताना नाक धरून मागे सरला.

"आई, तुझ्या कपाटात काय मेलंय?"

"मरायचंय काय? उंदीर असेल," काकू घाईघाईने म्हणाल्या.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदाच नाकाने वास घेतला. "ओलं गवत बांधून ठेवलं की असा वास येतो," त्या म्हणाल्या आणि काकूंकडे न बघता आत निघून गेल्या.

काकूंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. सगळे आपापल्या खोलीत गेल्यावर त्यांनी चादर सोडली. काड्या सुकून आक्रसल्या होत्या, बांधणी ढिली पडली होती आणि आत पांढरी बुरशी धरली होती. दांडा उचलला तसा अर्धा झाडू चादरीतच राहिला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं काकूंना वाटलं. उलट उत्तर तरी देता आलं असतं. पण त्या बाईला सगळं कळलं होतं आणि तिने झाकून घेतलं होतं. हे काकूंना त्या वासापेक्षाही सहन होईना.

आता जिन्यातली झाडलोट प्रत्येक घराकडे पाळीपाळीने यायची. काकूंची पाळी आली त्या दिवशी मुलगा कामावर होता, सून पुस्तक वाचत होती, विहीणबाई फिरायला गेल्या होत्या. काकू खराटा घेऊन दार उघडतात तर वरून नर्स उतरत होती.

"काय शोभा आली हो जिन्याला!" ती झाडूकडे बघत म्हणाली. "खरं सांगू का काकू, इतकी वर्षं येते मी तुमच्याकडे, पण दरवेळी तुमचं दार कुठलं नि शेजारचं कुठलं, घोटाळाच व्हायचा. आता कसं, लांबून कळतं."

ती टकटक करत खाली गेली. काकू उभ्या राहिल्या. या बाईच्या ढुंगणावरचे किती खिसे आपण उसवून पुन्हा शिवले असतील, आणि हिला आपलं दार ओळखता येत नव्हतं!

त्यांनी हातातला खराटा भिंतीला टेकवला. दाराचा झाडू काढला. आणि जिना झाडायला लागल्या.

पहिल्या पायरीवर हात जरा हळू होता. दुसऱ्या पायरीवर ओंब्या तुटल्या. तिसऱ्या पायरीपासून त्यांना जोर चढला. पिवळी फुलं कडकड मोडत होती, गवताचे तुरे उडून नाकात जात होते, संत्र्याची एक चकती टणटण उड्या मारत खालच्या मजल्यावर गेली. काकूंना शिंका आल्या. शिंकता शिंकता त्या झाडत राहिल्या. कोपरे सुद्धा सोडले नाहीत. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आल्यासारखं वाटत होतं.

तळाशी पोचल्या तेव्हा बाहेरचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यात विहीणबाई उभ्या होत्या, काखेत वाळक्या काड्यांचा भारा.

काकूंच्या हातात उरला होता दांडा, त्याला चिकटलेली धुळीने माखलेली मखमलीची पट्टी आणि वाकड्या झालेल्या काड्या. गंमत म्हणजे बांधणी पक्की होती. एकही काडी सुटली नव्हती.

"झाला जिना झाडून?" विहीणबाईंनी विचारलं.

"झाला," काकू म्हणाल्या.

विहीणबाईंनी भारा तिथेच खाली ठेवला आणि त्या वर निघून गेल्या.

मुलगा घरी आला तेव्हा विहीणबाई पिशवी भरत होत्या. सून पलंगावरून विचारत होती, अगं काय झालं, कुणी काही बोललं का, आणि त्या "काही नाही, यांना कुत्र्याचं जमत नाहीये एकट्याला" असं काहीतरी पुटपुटत होत्या. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुन्हा झाकून घेतेय, त्यांच्या मनात आलं. मला काही बोलायला जागाच ठेवत नाही ही बाई.

"मी सांगते काय झालं," काकू म्हणाल्या. "मी त्यांच्या झाडूने जिना झाडला."

मुलगा हसला. त्याला वाटलं, आई थट्टा करतेय. मग त्याने उघड्या दाराकडे पाहिलं, तिथे नुसता खिळा होता, आणि त्याचं हसू मावळलं.

"म्हणजे? का पण?"

"का म्हणजे काय? जळले मी." शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काकूंना स्वतःलाच नवल वाटलं की तो इतका छोटा होता. "त्या आल्यापासून तुझ्या तोंडी मम्मीशिवाय शब्द नाही. लोकांना तर मी दिसतच नाही. माझ्याच घरात माझ्या मशीनवर चादर घातली. कपाटातला तो वासही माझाच. मीही बांधायला गेले होते, जमला नाही."

विहीणबाईंच्या हातात एक मोजा होता. त्या तो उलटा सुलटा करत राहिल्या. मग पिशवीत न टाकता त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"ताई, बसा," त्या म्हणाल्या. इतके दिवस त्या विहीणबाईच म्हणत होत्या. "मी रोज संध्याकाळी बाहेर का जात होते, ठाऊक आहे?"

"काड्या आणायला."

"काड्या कसल्या! संध्याकाळी तुम्ही हिची वेणी घालता. ती डोळे मिटून तुमच्या मांडीला टेकते. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, आण, मी घालते. तर ही मला म्हणते, 'राहू दे मम्मी, तू ओढतेस. आई छान घालतात.'" विहीणबाईंनी मांडीवरचा मोजा घट्ट गुंडाळला. "अठरा वर्षं वेणी घातली मी हिची! ते बघत बसवेना मला तिथे. म्हणून बूट घालायचे आणि निघायचे. कालव्यावर बसून रडायचे सुद्धा, एकदोनदा. रिकाम्या हाताने परत कसं यायचं, म्हणून काड्या."

काकू धपकन खुर्चीत बसल्या. त्यांना वेणीचं काहीच वाटलं नव्हतं. प्लॅस्टरमुळे सुनेला नीट उठून बसवत नव्हतं, म्हणून घालत होत्या, इतकंच. आणि तरी, हे सांगायला हवं, त्यांना आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. सुनेला आपलीच वेणी आवडते! लगेच त्यांना स्वतःची लाजही वाटली, पण गुदगुल्या आधी झाल्या होत्या.

"माझा पाय मोडलाय," सून पलंगावरून म्हणाली, "कान शाबूत आहेत. मी इथेच आहे, दोघींनाही सांगते. आणि मम्मी, तू ओढतेसच."

"ओढते तर ओढते!" विहीणबाई ओरडल्या, आणि मग त्यांना हसू फुटलं, ते शेजारी ऐकू गेलंच असणार. काकूंना मात्र हसता हसता रडूच आलं. मुलगा बिचारा मध्येच उभा होता. त्याला सगळ्यात सुरक्षित वाटलं म्हणून तो खाली जाऊन काड्यांचा भारा वर घेऊन आला.

त्या भाऱ्याचा दुसरा झाडू दोघींनी मिळून बांधला. फार गोडीगुलाबीने बांधला असं नव्हे. काकू सुतळी इतक्या जोरात ओढायच्या की विहीणबाई दांड्यासकट पुढे यायच्या. विहीणबाईंना फीत विटकरीच हवी होती, काकूंना निळी. शेवटी दोन्ही बांधल्या आणि दोघींनाही ते आवडलं नाही. पण काड्या कोरड्या आहेत का हे काकू आता नखाने मोडून बघायला शिकल्या होत्या, आणि बांधणीच्या खाली जाड सुईने टाके घातले की घेर पसरट बसतो, हे त्यांचं म्हणणं विहीणबाईंनी मुकाट्याने मान्य केलं.

झाडू दाराला लागला. नर्स आली, मान तिरकी करून तिने बराच वेळ पाहिलं. "छान आहे," म्हणाली, "पण पहिल्याची सर नाही."

ती वर गेल्यावर दोघींनी दार लावलं आणि अर्धा तास त्या बाईच्या नावाने बोटं मोडली. इतका एकोपा त्यांच्यात आधी कधीच नव्हता.

प्लॅस्टर निघालं, सून भिंतीला धरून चालायला लागली आणि विहीणबाईंचा जायचा दिवस आला. बसथांब्यावर लेक आईच्या गळ्यात पडून मुसमुसून रडली. काकू बाजूला पिशवी धरून उभ्या होत्या. माझ्यासाठी ही अशी रडेल का, हा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी तो येऊ दिला आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बस निघताना विहीणबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला तो नेमका काकूंकडेच. मग बसचा धूर डोळ्यांत गेला, असं काकू नंतर सांगायच्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन यायचा. लेकीशी बोलणं झालं की "ताईंना दे" म्हणून विहीणबाई काकूंना मागून घ्यायच्या. कुत्र्याचं, व्याह्यांच्या गुडघ्याचं, हवेचं बोलणं व्हायचं. एका रविवारी त्या फार खुशीत होत्या.

"ताई, आमच्या समोर एक नवीन शेजारीण राहायला आलीये," त्या म्हणाल्या. "शिक्षिका होती. काय हात आहे हो तिचा! रोज दुपारी येते. आम्ही दोघी मिळून आता वसंतातला झाडू करतोय, कोवळ्या फांद्यांचा. तिच्यासारखं सुतळी ओढणारं माणूस मी बघितलं नाही."

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"असं?" त्या म्हणाल्या. "रोज येते?"

"रोज!"

"बरंय मग," काकू म्हणाल्या. पलीकडे विहीणबाई फांद्यांबद्दल पुढे सांगत राहिल्या. काकू ऐकत होत्या आणि हाताने टेबलावरच्या सुया एका रांगेत लावत होत्या. मग मध्येच त्यांनी विहीणबाईंचं बोलणं तोडलं.

"मी काय म्हणते, सूनबाईला आता बरं चालता येतंय. मला इकडे चार दिवस मोकळे आहेत. येऊन जाऊ का तुमच्याकडे?"

पलीकडून हसण्याचा असा काही आवाज आला की आतल्या खोलीतून सुनेने विचारलं, काय झालं म्हणून. "काही नाही," काकू म्हणाल्या आणि बसच्या वेळा विचारायला लागल्या.